हात न लावलेली वेबसाइट बिघडते कशी?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट दहा वर्षांपूर्वी करून घेतली. तेव्हापासून तिच्यात काडीचाही बदल केलेला नाही. तरी हल्ली ती उघडताना ब्राउझर धोक्याची सूचना देतो आणि सभासद-नोंदणीचा फॉर्म चालत नाही. देखभालीवर दरवर्षी खर्च करावाच लागतो का?
– एक कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : बदल केला नाहीत, म्हणूनच बिघडली. साइटमध्ये तुमच्या माणसाने लिहिलेला भाग थोडाच असतो. बाकी सर्व्हर, डेटाबेस, पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, प्लगइन्स हे सगळं इतरांचं, आणि ते सारखं बदलत असतं. डेटाबेसशी जोडणी करणारी जुनी फंक्शन्स पीएचपी ७ मधून २०१५ मध्येच काढून टाकली गेली. पीएचपी ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती २०१८ अखेर थांबली. होस्टिंगवाल्याने जुनी आवृत्ती काढली की असे फॉर्म बंद पडतात. तुमचंही बहुधा हेच झालं असावं. धोक्याची सूचना बहुतेक वेळा साइटच्या सुरक्षा-सर्टिफिकेटची मुदत संपल्याने येते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सर्टिफिकेट्स मुळातच अल्प मुदतीची असतात. नूतनीकरण आपोआप होतं खरं, पण ते अडलं तर बघायला कुणीतरी हवं.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीत अपाचे स्ट्रट्स हे सॉफ्टवेअर वापरात होतं. त्यातली त्रुटी मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली, दुरुस्तीही लगेच उपलब्ध झाली. कंपनीच्या एका पोर्टलवर ती कुणी बसवलीच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि जुलै अखेरपर्यंत माहिती उपसत राहिले. बाहेर जाणारी माहिती तपासणारं यंत्र होतं, पण त्याच्या सर्टिफिकेटची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती, त्यामुळे ते आंधळं झालं होतं. नवं सर्टिफिकेट बसवताच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली होती.

म्हणून साइट करायला देतानाच देखभालीचं ठरवावं. अपडेट कोण करणार, डोमेन कुणाच्या नावावर, मुदतीचे ईमेल कुणाला येणार, हे लेखी हवं. डोमेन संस्थेच्याच नावावर घ्या. करून देणारा गाव सोडून गेला की पासवर्डसाठी वणवण होते. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो एकदा दुसरीकडे चालवून पाहावा लागतो.

मात्र प्रत्येक संस्थेला हा सगळा डोलारा लागतोच असं मला वाटत नाही. वेळापत्रक, पत्ता आणि नव्या पुस्तकांची यादी एवढंच दाखवायचं असेल तर डेटाबेस नसलेली साधी एचटीएमएल पानं पुरतात. त्यांना डोमेन, होस्टिंग आणि सर्टिफिकेट यापलीकडे फारसं काही लागत नाही.

तुमच्या फॉर्ममध्ये मात्र सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. आधी जुन्या नोंदींची प्रत काढून घ्या, मग फॉर्म आजच साइटवरून उतरवा. दुरुस्ती होईपर्यंत नोंदणी कागदावर चालू द्या.