विहिरीपासून ओठापर्यंत



मिरगाचा पाऊस लागला की पेरणीची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास घरोघरी जुलाब-वांतीच्या तक्रारीही सुरू होतात. शेतातले, रस्त्यावरचे, उकिरड्यावरचे पाणी वाहत येऊन विहिरीत उतरते. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला तर वापसा निघून जातो. आजारी पडले ते तान्हे मूल असेल, तर एकदोन दिवसांत जिवावर बेतते.

आरोग्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठी इस्पितळे आणि इंजेक्शने येतात. परंतु रोगांविरुद्धच्या पुष्कळशा लढाया अगदी साध्या वस्तूंनी जिंकलेल्या आहेत. आज आपण पाण्याच्या वाटेने, विहिरीपासून ओठापर्यंत, चालत जाऊ या आणि वाटेत भेटणाऱ्या पाच वस्तूंकडून काय शिकता येते ते पाहू या.

१. पंपाचा दांडा

इ. स. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडन शहरातील ब्रॉड स्ट्रीट या वस्तीत पटकी उसळली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. पटकी दुर्गंधीयुक्त हवेने होते, असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानीत. डॉ. जॉन स्नो यांचे मत निराळे होते. कोणत्या घरात किती मृत्यू झाले आणि ते लोक पाणी कोठून आणीत, याची त्यांनी चौकशी केली. बहुतेक मृत्यू रस्त्यावरील एका सार्वजनिक पंपाभोवती आढळले. जवळच्याच मद्याच्या कारखान्यातील कामगार मात्र सुखरूप होते. त्यांची विहीर वेगळी होती आणि ते पीत तेही बहुधा तिथली बिअरच. स्नो यांनी स्थानिक पंचांपुढे आपले म्हणणे मांडले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

साथ तोवर ओसरू लागली होती, हेही खरे. पण पाणी दूषित झाले तरी कसे? याचा छडा लावला तो हेन्री व्हाइटहेड या तेथील तरुण अँग्लिकन धर्मगुरूंनी. त्यांना स्नो यांचे म्हणणे प्रथम मुळीच पटले नव्हते. ते चूक आहे हे दाखवण्यासाठी ते घरोघरी फिरले, आणि फिरता फिरता त्यांचीच खात्री पटली. साथीच्या प्रारंभी पंपाजवळच्या घरात एक तान्हे मूल आजारी पडले होते. त्याच्या आईने त्याची दुपटी धुतलेले पाणी घराच्या मैलाखड्यात ओतले होते. हा खड्डा विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर होता आणि दोहोंमधल्या विटा ढिल्या झाल्या होत्या.

त्या माउलीचा दोष नव्हता. तिला हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला तो पुढे तीस वर्षांनी, आणि १८८४ साली कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यातही त्यांना तो सापडला. आपल्याला मात्र हे ठाऊक आहे. म्हणून विहीर, बोअर किंवा हातपंप यांच्यापासून संडासाचा खड्डा आणि उकिरडा निदान ५० फूट दूर, आणि उताराच्या बाजूला असावा. बाळाची दुपटी विहिरीच्या कट्ट्यावर कधीही धुऊ नयेत.

२. फडके

नारूचा रोग आपल्या आजी-आजोबांना चांगला ठाऊक होता. महाराष्ट्र, कर्नाटक, राजस्थान अशा राज्यांतून तो होता. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी पिताना त्यातील बारीक पाणपिसवा पोटात जात. त्यांच्या अंगात नारूची अळी असे. सुमारे वर्षभराने हात-दीड हात, कधी दोन हात लांबीचा जंत बहुधा पायातून बाहेर पडू लागे. आग शमवण्यासाठी रोगी पाण्यात पाय बुडवी, त्याच वेळी हजारो अळ्या पाण्यात सुटत आणि चक्र पुन्हा सुरू होई. काडीवर थोडा थोडा गुंडाळून जंत बाहेर काढताना माणूस आठवडेच्या आठवडे शेताला मुके.

या रोगावर ना लस होती, ना औषध. तरीही भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. हे साधले ते पाणी गाळण्याच्या फडक्याने, हातपंपांनी, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद केल्याने, पाण्यातील पिसवा मारणाऱ्या औषधाने आणि गावोगाव फिरलेल्या आरोग्यसेवकांनी.

बांगलादेशातही असाच अनुभव आला. तेथील ६५ खेड्यांतील पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून पाणी गाळल्याने पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले, कारण पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जीवांना चिकटून असतात. नव्या कापडापेक्षा जुने, धुऊन मऊ झालेले कापड अधिक चांगले गाळते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. फडक्याने सारेच जंतू अडत नाहीत. गाळल्यावर पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध घालावे. फडके दररोज धुऊन उन्हात वाळवावे.

३. हातपंपाची साखळी

पूर्वी खेड्यांत बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप परदेशी नमुन्याचे होते. एका कुटुंबाच्या वापरासाठी केलेल्या त्या पंपावर सारे गाव पाणी भरू लागल्यावर ते टिकणार कसे? पंप मोडला की बाया पुन्हा उघड्या विहिरीकडे वळत. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांतून यावर उपाय निघाला. पोलादी पंप आणि दांड्याला साखळी अशी रचना करण्यात आली. साखळीमुळे आतील सळई सरळ वरखाली होते, वेडीवाकडी घासत नाही, आणि पंप फार दिवस टिकतो. याच सोलापूर पंपाच्या आधारे १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. त्याच्या रचनेवर कोणाची मक्तेदारी ठेवली नाही, म्हणून तो भारतभर आणि आफ्रिकेच्या खेड्यांतही पोहोचला.

पंपाइतकाच महत्त्वाचा असतो तो त्याखालचा सिमेंटचा चौथरा. त्याला चीर गेली, की सांडलेले घाण पाणी पुन्हा खाली झिरपते, आणि लंडनच्या ढिल्या विटांची गोष्ट आपल्याच गावात घडते. जनावरे चौथऱ्यावर धुऊ नयेत. सांडपाण्याला चर काढून ते परसातल्या केळीला किंवा अळूला द्यावे.

४. हात धुण्याचे पात्र

आता पाणी घराजवळ आले. येथे हाताशी गाठ पडते. पटकीच्या त्या साथीआधी सात वर्षे, १८४७ साली, व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉ. सेमेलवाइस यांना एक गोष्ट सलत होती. डॉक्टर व विद्यार्थी ज्या कक्षात बाळंतपणे करीत तेथे बाळंतज्वराने पुष्कळ स्त्रिया मरत. सुइणींच्या कक्षात त्या मानाने फार कमी. डॉक्टर मंडळी प्रेते फाडून तशाच हातांनी बाळंतिणीकडे येत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या कक्षात शंभरांमागे १८ स्त्रिया दगावल्या होत्या. उन्हाळा संपण्याआधीच हे प्रमाण दोनच्या आसपास आले. तरी अनेक डॉक्टरांना ते रुचले नाही. आपल्याच हातांनी रोग जातो, हे ऐकणे शिकलेल्या माणसालाही जड जाते.

आपल्या घरी संडासहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, गोठ्यातले काम झाल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. साबण संपला असेल तर चुलीतली स्वच्छ राख चालेल. उघड्यावरची माती मात्र घेऊ नये.

५. ओगराळे

शेवटची वस्तू सर्वांत साधी. आता पुष्कळ घरी नळ आले आहेत, पण नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून ते हंड्यात, माठात साठवावेच लागते. आणि मग काय होते? जो येतो तो तांब्या बुडवतो, आणि तांब्याबरोबर बोटेही बुडतात. गायीला चारा घालून आलेल्या मुलाची, शेण काढलेल्या सुनेची, आणि घाईत असलेल्या आम्हा-तुम्हा सर्वांची. चांगल्या पंपाचे, गाळलेले, उकळलेले पाणी या शेवटच्या हातभर अंतरात बाटते.

यावर उपाय एका ओगराळ्याचा. लांब दांड्यामुळे बोटे पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. माठाला तोटी बसवून घेतली तर त्याहून बरे. ओगराळे जमिनीवर ठेवू नये, खुंटीला टांगावे. माठावर झाकण असावे आणि तो दर दोनतीन दिवसांनी आतून घासावा.

तरीही जुलाब लागले तर?

अंगातले पाणी व क्षार निघून जाणे हाच खरा धोका असतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व क्षार पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजले. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० होते, ते शेकडा ४ च्या खाली आले.

ओआरएसचे पाकीट आरोग्य केंद्रात मिळते. ते घरी ठेवावे. नसेल तर १ लिटर उकळून निवलेल्या पाण्यात साखर ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा घालावे. मीठ जास्त पडू देऊ नये. चमच्या-चमच्याने पाजत राहावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, किंवा शौचात रक्त दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरकडे न्यावे.

विहिरीत टीसीएल पावडर टाकणे ग्रामपंचायतीचे काम आहे. ते वेळेवर होते की नाही हे आपण विचारले पाहिजे. पंप दुरुस्त करणे हे सरकारचे काम आहे. त्यासाठी अर्ज केला पाहिजे. परंतु माठापासून ओठापर्यंतच्या त्या हातभर वाटेवर पहारा द्यायला ग्रामसेवक येणार नाही आणि डॉक्टरही येणार नाही. तो आपणच द्यायचा आहे. येत्या बाजाराच्या दिवशी बी-बियाण्यांबरोबर एक ओगराळे तेवढे आणा, आणि ते कसे वापरायचे हे घरातल्या सर्वांत लहान मुलाला आधी शिकवा. मोठ्यांना तेच आठवण करून देईल.