पाच उदाहरणांवरून नियम

३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या फळ्यावर लिहाव्यात. प्रत्येकीतून १ वजा करून बाकीचा वर्ग करावा व त्यात १ मिळवावा, म्हणजे पुढील संख्या येते. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणून सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांस वाटले की, या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असावी.

सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे १७३२ साली ऑयलर यांनी दाखविले. ६४ च्या पटीत १ मिळवून होणाऱ्या मूळ संख्यांखेरीज अन्य मूळ संख्येने तिला भाग जाणेच शक्य नाही, हेही त्यांनी सिद्ध केले. मग तपासावयाच्या संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा क्रमाने येतात. पाचव्याच भागाकारात गाठ सुटते.

तीन-चार उदाहरणे सोडवून “म्हणून नियम असा” असे वर्गात सांगितले जाते. तपासणीच्या वेळी मीही ते अनेकदा चालू दिले आहे, हे कबूल केले पाहिजे.

सातवीच्या मुलांकडून हे पाचही भागाकार पाटीवर करवून घ्यावेत. अर्धा तास जाईल, जाऊ द्यावा. शेवटचा भागाकार ६७,००,४१७ येतो. तो आधी सांगू नये.