एका खोलीच्या घरात आजारी माणूस



२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि सगळ्यांना एकच सूचना मिळाली, घरात राहा. २१ दिवसांची ती मुदत १४ एप्रिलला संपायची होती. नेमकी जयंतीच्या सकाळी ती ३ मेपर्यंत वाढली. त्या दिवशी मिरवणूक नाही, निळा गुलाल नाही. घरोघरी बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून, मेणबत्ती लावून वंदना झाली. बारामतीत त्याच महिन्यात 'भिलवाडा पॅटर्न' आला होता. रस्ते बंद, किराणा आणि भाजी घरपोच. इंदापूरकडच्या वस्त्यांमध्ये रोजंदारी थांबली आणि रेशनच्या तांदळावर दिवस निघाले.

पत्रकात छापलेलं असायचं की रुग्णाला वेगळी खोली द्या, वेगळा संडास द्या. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या घराला खोल्या होत्या. आपल्याकडे दहा बाय बाराची एक खोली, वर पत्रा, आत सहा-सात माणसं आणि संडास सार्वजनिक. मग अशा घरात आजाऱ्याला ठेवायचं कसं, हे कोणी सांगितलं नाही. ते आज सांगायचं कारण असं की खोकल्यातून पसरणारे आजार संपलेले नाहीत. टीबी तर आपल्या वस्त्यांत कायमच आहे.

आधी एक शब्द. त्या काळात 'सामाजिक अंतर पाळा' असं रोज कानावर पडायचं. सामाजिक अंतर आपल्या आजा-पणजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे, ते कोणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. आजारात पाळायचं असतं ते शारीरिक अंतर. शब्द चुकला की वागणंही चुकतं, आणि ते चुकलंच. वस्तीत फिरताना आम्ही पाहिलं की तापाने फणफणलेल्या माणसाचं ताट उंबऱ्यावर सरकवलं जातं, पाणी वरून ओतलं जातं, त्याचा पेला कोपऱ्यात पालथा पडलेला असतो. आपल्याच माणसाला, आपल्याच घरात! साबणाने नीट घासलेलं ताट कोणीही वापरावं. टीबी तर ताट-पेल्यातून पसरतच नाही. तो हवेतून येतो.

करोनाचंही तेच निघालं. सुरुवातीला सगळा जोर हात धुण्यावर होता. पिशव्या, भाज्या, दाराच्या कड्या पुसून बायकांचे हात सोलले गेले. काही ठिकाणी तर माणसांवरच औषध फवारलं. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये सांगावं लागलं की माणसांवर फवारणी करू नका, ती घातक आहे. हात धुवावेतच, पण बंद खोलीतली हवा जास्त धोक्याची. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने पत्रक काढलं. बोलताना-खोकताना निघणारे अगदी बारीक कण हवेत १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारं-खिडक्या उघडा, असं त्यात होतं. १० मीटर म्हणजे आपली खोली ओलांडून शेजारच्या दारात.

आता आपलं घर बघा. खिडकी असते, पण डास, धूळ आणि लोकांच्या नजरा म्हणून ती बंद. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये फट असते, ती पावसासाठी गोणपाटाने बुजवलेली. घरात कोणी खोकत असेल तर ते गोणपाट आधी काढा. खिडकीला जाळी किंवा जुनी मच्छरदाणी ठोका आणि ती उघडी ठेवा. समोरासमोर दार-खिडकी असेल तर दोन्ही उघडल्यावर वारा कुठून कुठे जातो ते उदबत्तीच्या धुरावरून कळतं. धूर ज्या बाजूने बाहेर जातो तिथे रुग्णाचं अंथरूण घाला, बाकीच्यांचं दुसऱ्या बाजूला. टेबलफॅन रुग्णाच्या मागे ठेवून घरावर वारा सोडायचा नाही, त्याचं तोंड खिडकीकडे करायचं म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जाते. खिडकीच नसेल तर रुग्ण दाराजवळ. जमेल तेव्हा दिवसा त्याला ओट्यावर, झाडाखाली बसवा. झोपताना एकाचं डोकं इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. चूल शक्यतो बाहेर मांडा, धुराने खोकला आणखी वाढतो.

सेवा एकाच माणसाने करावी, त्याने आणि रुग्णाने दोघांनी मास्क लावावा. हे काम आपोआप घरातल्या बाईकडेच येतं. ती गरोदर असेल किंवा तिला शुगर-बीपी असेल तर ते दुसऱ्याने करावं, आणि दुसऱ्यामध्ये पुरुषही येतात. सार्वजनिक संडासाला गर्दीच्या वेळी रुग्णाला रांगेत उभं करू नका. शुगर-बीपीच्या गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणा. टाळेबंदीत ज्यांच्या गोळ्या तुटल्या त्यांचं पुढे काय झालं ते आपण पाहिलं आहे.

वाफ घ्यायचीच असेल तर उकळतं पातेलं लेकरांपासून लांब. वाफेने विषाणू मरत नाही, भाजतं मात्र नक्की.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर वस्तीत एक जरी असलं तरी पुरतं. नेलपॉलिश पुसून, हात गरम करून मोजा. सावळ्या कातडीवर ते कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून ९४ च्या खाली गेला की वाट पाहू नका. बसल्या जागी धाप लागणं, ओठ निळे पडणं, माणूस गुंगीत जाणं, यातलं काहीही दिसलं तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन करा.

आणि टीबी. २०२० मध्ये देशात टीबीच्या नोंदी सुमारे पाव हिश्श्याने घटल्या. आजार घटला नव्हता, माणसं तपासणीला पोचली नव्हती. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषध मोफत आहे. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते), त्यासाठी पासबुक सोबत न्या. तपासणीचा बेडका सकाळी, घराबाहेर मोकळ्या हवेत, एकट्याने काढावा आणि डबीचं झाकण घट्ट लावावं.