फ्रीझरमध्ये जागा कुणाला द्यायची

माझ्या फ्रीझरमध्ये बाराही महिने चार गोष्टी असतात: मटार, सोललेल्या डाळिंब्या, खवलेला ओला नारळ आणि मे महिन्यात काढून ठेवलेला हापूसचा रस. मक्याचे दाणे अधूनमधून येतात. दुकानातल्या काचेच्या झाकणाखाली बाकी जे रंगीबेरंगी दिसतं, त्यातलं बहुतेक मी घेत नाही. यात चवीचा भाग आहेच, पण घरातल्या एका आजारपणाचा भाग त्याहून मोठा आहे.

धाकट्या नणंदेचं डोहाळजेवण आमच्याकडे होतं. जेवण घरचंच, संध्याकाळचं खाणं तेवढं बाहेर सांगितलेलं. त्यात कॉर्न चाट होतं. खाणं घेऊन आलेल्या मुलाने मक्याची पिशवी कात्रीने कापली, दाणे पातेल्यात ओतले, नळाखाली एकदा खळबळून काढले आणि कांदा, डाळिंब, चाट मसाला घालून लगेच कालवले. काही दाण्यांवर बर्फाचा पांढुरका थर तसाच होता. त्या रात्री नणंदेला उलट्या सुरू झाल्या, ताप चढला, पहाटे तिला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. पाहुण्यांपैकीही काहींची पोटं बिघडली. बाळ सुखरूप आहे, आता घरभर धावतं. पण सातव्या महिन्यातली ती रात्र आम्ही कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक. डॉक्टरांनी आदल्या दिवशीचं सगळं खाणं विचारून घेतलं आणि मक्यापाशी थांबून एवढंच विचारलं, ‘‘दाणे उकळले होते का?’’

दोष मक्याचाच होता हे कुणी सिद्ध केलं नाही, करताही आलं नसतं. पण त्यांनी तेव्हा जे समजावून सांगितलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. पिशवी बाहेर आली, दाणे कोमट झाले, की ते पुन्हा कामाला लागतात. कारखान्यात मका गरम पाण्यातून काढतात तो रंग-चव टिकावी म्हणून. तेवढ्याने तो शिजत नाही, आणि त्यानंतर यंत्रांवरून, पट्ट्यांवरून जाताना त्याला नव्याने जंतू लागू शकतात. लिस्टेरिया नावाचा जंतू तर साध्या फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढत राहतो, आणि गर्भवतीला झाला तर गर्भपाताची भीती असते. 2018 मध्ये युरोपात हंगेरीतल्या एका कारखान्यातल्या गोठवलेल्या मक्यातून हाच आजार पाच देशांत पसरल्याचं उघड झालं. 47 जण आजारी पडले होते, त्यातले 9 दगावले. कित्येकांनी तो मका न शिजवता सॅलडमध्ये घातला असणार, असा तिथल्या तज्ज्ञांचा अंदाज होता.

तेव्हापासून घरात एक नियम पक्का आहे: विकतचं गोठवलेलं काहीही वाफ येईपर्यंत शिजल्याशिवाय ताटात येत नाही, आणि कच्चं खायचं ते आपल्याच हाताने साठवलेलं असतं. काय ठेवायचं आणि काय नाही, हे या नियमावरून आपोआप ठरत जातं.

मटारला पहिली जागा, कारण गोठवल्यावर त्याच्याइतकं कमी बिघडणारं दुसरं काही नाही. शेंग तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचा पिठूळपणा व्हायला लागतो, त्यामुळे तोडल्यावर काही तासांत गोठवलेला मटार चार दिवस बाजारात फिरलेल्या ‘ताज्या’ मटारपेक्षा गोड लागतो. पावसाळ्यात पुरंदरचा मटार येतो आणि थंडीत मध्य प्रदेशातला. भाव उतरले की शेंगा भरपूर घ्याव्यात आणि घरीच करावं. मोठ्या पातेल्यात खळखळ उकळतं पाणी, त्यात दाणे दीड-दोन मिनिटं, लगेच उपसून बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर पसरून अगदी कोरडे करायचे. उकळण्याची ही पायरी कुणी सोडते, कुणी अर्धवट करते. सोडली तर दाण्यातली एन्झाइमं फ्रीझरमध्येही काम करत राहतात आणि दोन महिन्यांत मटारला गवतासारखा वास येतो. अर्धवट केली तर ती आणखीच चेकाळतात. कोरडे दाणे ताटात एकाच थरात पसरून आधी गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत, म्हणजे ते सुटे राहतात आणि मूठभर हवे तेव्हा मूठभरच निघतात. पिशवीतली हवा दाबून काढायची. आत हवा राहिली की दाणे सुकून सुरकुततात.

उन्हाळ्यात कोपऱ्यावर सुटे हिरवेगार दाणे विकायला बसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. बऱ्याचदा ते भिजवून रंगवलेले सुके वाटाणे असतात. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात थोडे दाणे टाकावेत, ढवळावं, अर्धा तास ठेवावं. पाण्यात रंग उतरला की काय ते समजतं.

विकतचं पाकीट घेताना ते हातात धरून हलवून बघते. दाणे खुळखुळले पाहिजेत. आत एकच ढेकूळ लागलं तर ते पाकीट कधीतरी वितळून पुन्हा गोठलेलं आहे. आमच्या जवळच्या एका दुकानात पाकिटं सारखी ढेकळासारखी मिळायची. विचारलं तेव्हा तिथल्या पोऱ्याने सरळ सांगून टाकलं, ‘‘ताई, रात्री पेटी बंद करतात, बिल वाचतं.’’ ते दुकान मी सोडलं. सुट्या दाण्यांची किमया जलद गोठवण्यात आहे. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन माणूस लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत राहिला होता. तिथले लोक पकडलेला मासा वाऱ्यावर क्षणात गोठवत आणि कित्येक महिन्यांनी तो ताज्यासारखा लागे, हे त्याने पाहिलं. हळू गोठलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फोडतात, झटपट गोठलं तर बारीक राहतात. हे ओळखून त्याने यंत्रं बनवली आणि 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेल्या मालाची विक्री सुरू झाली. रात्री पेटी बंद करणारा दुकानदार ती सगळी मेहनत एका रात्रीत वाया घालवतो, आणि पैसे मात्र आपण पूर्ण मोजतो.

डाळिंब्या हा आपला स्वतःचा फ्रीझरचा माल. वाल भिजवून, मोड आणून, सोलण्यात दुपार जाते. मग थोड्या जास्तच सोलाव्यात आणि कोरड्या करून पिशव्या भराव्यात. आमटी किंवा उसळ करताना त्या वितळवायच्या नाहीत, थेट फोडणीत टाकायच्या. थंडीतले तुरीचे ओले दाणे, पावटे आणि सोलाणेही असेच राहतात, फक्त त्यांना मटारसारखं उकळत्या पाण्यातून काढावं.

नारळाच्या बाबतीत मी सगळ्यात कडक आहे, कारण पोह्यांवर, कोशिंबिरीवर आपण तो कच्चाच भुरभुरतो. 2018 मध्येच अमेरिकेत गोठवलेल्या खवलेल्या नारळातून साल्मोनेला या जंतूची लागण झाल्याचं उघड झालं, 27 जणांना. तिकडच्या आपल्या मंडळींच्या फ्रीझरमध्ये हे पाकीट हमखास असतं. त्यांना माझं सांगणं एवढंच, की ते आमटीत उकळा, वाटणात घालून शिजवा, पण पोह्यांवर घालू नका. इथे आपण नारळ फोडल्या फोडल्या खवावा, पिशवीत पातळ थर करून सपाट ठेवावा आणि लागेल तसा तुकडा मोडून घ्यावा. पाठीचा तपकिरी भाग शक्यतो येऊ देऊ नये, त्याने खोबरं काळपट दिसतं. दोन-तीन महिन्यांत संपवावं.

फळांत हापूसला तोड नाही. पूर्ण पिकलेल्या आंब्याचा रस, पाणी-दूध न घालता, लहान डब्यांत भरावा. गोठताना फुगतो म्हणून वर बोटभर जागा सोडावी. लहान डबे यासाठी, की उघडलेला त्याच दिवशी संपतो. वितळायला आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली ठेवावा, ओट्यावर नाही. सीताफळाचा गर बिया काढून, थोडी साखर आणि लिंबू लावून ठेवता येतो. मात्र तो कधीही उकळू नये, कडू होतो. बासुंदी गार झाल्यावरच त्यात मिसळावा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वितळल्यावर लोळागोळा होते, ती जॅमसाठी किंवा मिल्कशेकसाठी ठेवावी. विकतच्या गोठवलेल्या परदेशी बेरी मात्र लहान मुलांच्या स्मूदीत थेट घालू नयेत. युरोपात 2013-14 मध्ये त्यांच्यातून हिपॅटायटिस ए ची मोठी साथ पसरली होती. मिनिटभर उकळून गार कराव्यात.

भेंडी गोठवली की बुळबुळीत होते, फ्लॉवर पाणी सोडतो, कच्चा बटाटा काळा पडतो. मिक्स व्हेजच्या पाकिटात स्वस्त गाजराचेच तुकडे जास्त असतात. काकडी, मुळा यांचा विचारही नको. कोथिंबीर पानांनी ठेवू नये. मिरची-आल्याबरोबर वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये लावली तर हिरवं वाटण कायम तयार.

आता फ्रीझरबद्दल. महिनोन्‌महिने साठवायला उणे 18 अंश लागतात. एकदारी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तेवढी थंडी सहसा नसते, तिथे हे सगळं दोन-तीन आठवड्यांपुरतंच धरावं. वीज गेली तर दार उघडू नये. गच्च भरलेला वेगळा फ्रीझर 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24. गावाला जाताना मी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवते. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. बुडून मधेच अडकलं असेल किंवा तळाशी गेलं असेल, तर आपल्या मागे वीज बराच वेळ गेली होती; मग वास घेत बसायचं नाही, नारळ आणि रस आधी टाकायचे आणि पाठोपाठ बाकीचं.