खेळाच्या तासाला कमी लेखू नकोस

चि. राजू यास,


तुझं पत्र मिळालं. ‘वर्गात शिकवायचं होतं मामा, नशिबी मैदान आलं,’ हे तुझं वाक्य मनाला लागलं. म्हणून आज एका माणसाविषयी लिहितो.

एमॉस अलोन्झो स्टॅग. जन्म १८६२चा, न्यू जर्सीतल्या जोडे शिवणाऱ्याच्या घरात. येल विद्यापीठात तो गेला धर्मोपदेशक व्हायला. परिस्थिती इतकी ओढगस्तीची की काही काळ त्याने कोरड्या बिस्किटांवर काढला. बेसबॉलमध्ये पिचर म्हणून त्याचं नाव होतं. व्यावसायिक संघाने पैसे देऊ केले, तरी तो गेला नाही. पण चारचौघांसमोर उभं राहून प्रवचन करणं काही त्याला जमेना. तेव्हा त्याने ठरवलं, मुलं घडवायचीच, पण मैदानावर.

येलमध्ये असतानाची गोष्ट. अमेरिकन फुटबॉलमध्ये धावत्या गड्याला पकडून पाडावं लागतं आणि सरावात आपलीच मुलं दुखावतात. स्टॅगने एक गादी गुंडाळली, दोरीने टांगली आणि मुलांना तिच्यावर झेपा टाकायला लावलं. गादीसाठी मोठं अनुदान लागत नाही, राजू. मुलगा दुखावू नये ही कळकळ लागते.

१८९२ साली शिकागो विद्यापीठाने त्याला बोलावलं, तेही प्राध्यापकाचा दर्जा देऊन. खेळ हाही शिक्षणाचाच भाग, हे त्यातून मान्य झालं. तिथे तो ४१ हंगाम राहिला. त्याची बायको स्टेला सामन्यातल्या चाली टिपून घ्यायची.

सत्तरी आली आणि विद्यापीठाने नियमावर बोट ठेवून त्याला निवृत्त केलं. तो थेट कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या लहानशा कॉलेजात गेला. तिथल्या १४ वर्षांत सामने जिंकले त्यापेक्षा हरलेच जास्त. तरी १९४३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, देशभरच्या प्रशिक्षकांनी त्यालाच वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक निवडलं. पुढे मुलाच्या जोडीने पेनसिल्व्हेनियात शिकवलं, मग पुन्हा स्टॉकटनला येऊन नव्वदी उलटल्यावरही पोरांना चेंडूला लाथ कशी मारायची ते दाखवत राहिला. १९६५ साली गेला तेव्हा वय १०२.

तुला त्याच्याएवढं नाव मिळेल, असं मी म्हणत नाही. पण ज्या कामाला तू दुय्यम समजतोस, त्याला एका माणसाने आयुष्याची सत्तर वर्षं वाहिली आणि त्याचं सोनं केलं. गणिताचा भाग राहिला म्हणून कुणी तुझा तास मागितला, तर नम्रपणे नाही म्हण. तो तास मुलांचा आहे. शेवटच्या रांगेतल्या अंग चोरणाऱ्या पोराला आधी नावाने हाक मार.

आणि उद्या सकाळी मुलं यायच्या आत मैदानावर स्वतःच्या हाताने फक्की मारून ठेव.

तुझा,
मामा