‘व्हिंटेज’ म्हणून घेतलेली पद्मिनी

प्रश्न : हौसेने 1979 ची प्रीमियर पद्मिनी घेतली. विकणारा म्हणाला, गाडी व्हिंटेज आहे, किंमत वाढतच जाणार. आता मेकॅनिक म्हणतो, रंगाखाली पुट्टी भरलीय आणि इंजिनही बदललेलं आहे. मी फसलो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडीत नाही, जाहिरातीत फसलात. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं व्हावी लागतात. तुमची गाडी अजून त्या वयाची नाही. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, ती प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच. म्हणजे तो शिक्का नाही तेच बरं!

पद्मिनी दुर्मीळही नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती अनेक दशकं निघत होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये बंद झाल्यावर आठवणींना भाव आला, पण जाहिरातीत मागितलेली रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांत फार अंतर असतं.

आधी इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून पाहा. इंजिन बदलाची नोंद नसेल तर आरटीओत जाऊन ती करून घ्या. नाहीतर नूतनीकरण आणि विमा दोन्हीकडे अडाल. पुट्टीचं म्हणाल, तर दाराखालच्या पट्टीवर आणि चाकांच्या कमानींवर लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही, तिथे पत्रा गेलेला असू शकतो. फ्लोअर शाबूत असेल तर बाकी डागडुजी हळूहळू होते. विकणारा व्यावसायिक डीलर असेल तर त्याचे मेसेज जपून ठेवा, ग्राहक आयोगाकडे जाता येतं.