कोवलमच्या खाडीत गळ टाकण्याआधी

सिरुसेरी, केळंबाक्कमकडच्या कंपन्यांत नोकरी लागून जी मराठी मुलं चेन्नईला येतात, त्यांतल्या रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : इथे खाडी कुठे आहे? खाडी आहे आणि जवळच आहे. केळंबाक्कमहून पूर्वेला निघालेला रस्ता कोवलमपाशी ईस्ट कोस्ट रोडला मिळतो. गावाच्या उत्तर अंगाला मुट्टुकाडूचं उथळ पाणी पसरलेलं आहे आणि गावासमोर समुद्राचा लहानसा बाक आहे. हल्ली कयाक भाड्याने मिळते, काहींनी स्वतःची घेतली आहे, आणि कयाकमध्ये बसून गळ टाकण्याचा नाद आपल्या मुलांना लागला आहे. नाद चांगला आहे. पण या भागात बरीच वर्षं राहिलेल्या घरांतून एक काळजीही सारखी ऐकू येते, म्हणून त्यांचं सांगणं इथे एकत्र केलं आहे.

सगळ्यांत आधी दिनदर्शिका विसरा. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची बंदी असते, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होतो आणि दर्या शांत झाला असं आपण मानतो. शरद म्हणजे निवळलेलं पाणी, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. पूर्व किनाऱ्यावर बंदीच वेगळी, १५ एप्रिल ते १४ जून. आणि खरा पाऊस येतो तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. चेन्नईच्या वर्षभराच्या पावसातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. घरी आकाशकंदील लागलेले असतात तेव्हा इथे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होत असतात. २०१६ चं वरदा, २०२२ चं मँडूस आणि २०२३ चं मिचाँग ही तिन्ही चक्रीवादळं डिसेंबरातली, आणि मँडूस तर कोवलमच्या दक्षिणेला, महाबलिपुरमजवळच किनाऱ्यावर आलं. आश्विन-कार्तिकात समुद्रावर विसंबायची आपली सवय इथे जिवावर बेतू शकते.

दुसरी सवय भरती-ओहोटीची. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, म्हणून आपण तिथी बघून गळ टाकतो. चेन्नईला हा फरक जेमतेम मीटरभराचा. अमावास्या-पौर्णिमेला खाडीच्या मुखाशी मासा थोडा हलतो हे खरं, पण इथलं पाणी ठरवतो तो वारा, त्यानंतर पाऊस आणि मुखावरचा वाळूचा दांडा. उन्हाळ्यात लाटा वाळू आणून मुख अरुंद करतात, कधी ते बंदही होतं. मग पावसाचं पाणी मागून रेटा देतं आणि मुख फुटतं. पळ्ळिकरणैची पाणथळ आणि दक्षिण चेन्नईचा मोठा भाग यांचं पाणी बकिंगहॅम कालव्यातून इथेच येऊन समुद्राला मिळतं. त्यामुळे तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी उत्तरेला आदल्या रात्री धो धो पाऊस झाला असेल, तर मुखाशी ओढ इतकी असते की वल्हं मारून परत येणं जमत नाही. पाणी गढूळ दिसलं, जलपर्णीचे पुंजके वाहत येताना दिसले, तर कयाक गाडीवरून उतरवूच नका.

वाऱ्याचं सविस्तर सांगायला हवं, कारण गफलत इथेच होते. ऑगस्ट-सप्टेंबरात सकाळी वारा पश्चिमेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. समुद्र सपाट दिसतो, कयाक आपोआप पुढे सरकते, आपण किती बाहेर आलो ते कळत नाही. परतताना तोच वारा तोंडावर. म्हणून समोरच्या बाकात जायचं असेल तर आधी वाऱ्याच्या विरुद्ध थोडं वल्हवून बघा. तेवढ्यात दम लागला तर त्या दिवशी खाडीच बरी. दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुरू होतो आणि पाणी खवळतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, आणि उघड्या पाण्यावर उभा धरलेला कार्बनचा रॉड विजेला बोलावणंच आहे. म्हणजे उजाडताना निघायचं आणि ऊन चढायच्या आत किनाऱ्याला लागायचं. इथे सूर्य समुद्रातून वर येतो, त्यामुळे पहिला तास-दीड तास तिरीप थेट डोळ्यांत जाते. जाळ्याची दोरी दिसत नाही. चांगला गॉगल लागतोच.

खाडीत पाणी बहुतेक ठिकाणी माणसाच्या उंचीपेक्षा कमी. म्हणून ती सुरक्षित, असं मात्र नाही. तळाला कालवांचे थर आहेत, पाय टेकला की तळवा फाटतो. जुने जाड तळव्याचे बूट घाला. लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टे आवळून बसा. वल्हं दोरीने कयाकला बांधा. मोबाइल पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत, शिट्टी गळ्यात.

आता मासा. आपल्याकडचा जिताडा इथे कोडुवा या नावाने मिळतो, आणि बरीच मंडळी त्याच्याचसाठी येतात. त्याशिवाय बोय, तांबोशी, मुडदुशी, शेंगटी, काळुंद्र, चिंबोरी. जिवंत कोळंबी लावलेली गरी जिताड्याला आणि तांबोशीला चालते. मुडदुशीला लहान गरी, हलकं शिसं आणि वाळूचा तळ हवा. शेंगटी गळाला आली तर पक्कड वापरा, तिच्या काट्याची ठणक दिवसभर राहते. पोट फुगवणारा केंड मासा कितीही मोठा मिळाला तरी सोडून द्या, तो विषारी असतो.

जिताड्याबद्दल आमची एक कळकळीची विनंती आहे. हा मासा आधी नर म्हणून वाढतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटो काढावासा वाटतो तो मोठा जिताडा बहुधा अंड्यांची मादी असते, आणि अंडी घालायला ती मुखाजवळच्या खाऱ्या पाण्याकडे येते. अगदी लहान आणि अगदी मोठा, दोन्ही पाण्यात परत सोडा. मधल्या आकाराचा एक घरी न्या, आमटीला पुरतो. खाडीकाठीच केंद्र सरकारच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेचं मुट्टुकाडूचं प्रयोग केंद्र आहे. याच संस्थेने १९९७ मध्ये भारतात पहिल्यांदा जिताड्याचं बीज उबवणी केंद्रात तयार केलं. त्यामागे शास्त्रज्ञांचे किती कष्ट आहेत हे कळलं की मोठी मादी पाण्यात सोडताना हात आखडत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते गावाशी वागणं. कोवलम हे मच्छीमारांचं गाव आहे. खाडीत कुणी जाळं लावलेलं असतं, कुणी पाण्यात बसून हातांनी चाचपत कोळंबी धरत असतं. ती त्यांची रोजची मिळकत आहे, आपला रविवार त्यानंतर. जाळ्याच्या जवळून जाऊ नका, गरी अडकली तर दोरी आपली तोडा, जाळं ओढू नका. उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या वयस्क माणसाला ‘अण्णा’ म्हणून विचारा : ‘इंगे वलै इरुक्का?’, इथे जाळं आहे का? मग ‘पोलामा?’, जाऊ का? त्यांनी ‘वेंडाम’, म्हणजे नको, म्हटलं की वाद न घालता परत फिरायचं. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज बघाच, पण त्या ‘वेंडाम’पुढे दोन्ही बाजूला ठेवा. कयाक शिकायची असेल तर गावातच शिका. मूर्ती मेगवन यांच्यासारख्या इथल्याच मच्छीमाराने इथे सर्फिंगची शाळा उभी केली, आणि तिथली पोरं लाटांच्या अंगाखांद्यावर वाढलेली आहेत. पुळणीच्या ज्या भागाला २०२१ मध्ये स्वच्छ किनाऱ्याचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं, तो पोहणाऱ्यांसाठी आहे. तिथून कयाक ढकलू नका.

रिकाम्या हाताने परतलात तर कोळणींकडून मासा घ्या आणि घासाघीस फार करू नका. ओळख वाढली की त्याच सांगतात, आज काय ताजं आहे आणि उद्या वारा कसा असेल.

एकट्याने जाऊ नका. कुठून उतरणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक तुमच्याच नव्हे, घरच्यांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. आणि पहिल्या वर्षी तरी आमचं एवढं ऐका : ऑक्टोबरचा मध्य उलटला की कयाक धुऊन, वाळवून आत ठेवा आणि संक्रांतीनंतर बाहेर काढा.